मेडिगड्डा, डाव्या काठावरून

महाराष्ट्रातल्या पोचमपल्लीच्या काठावरून गोदावरीवरचं मेडिगड्डाचं बॅरेज एका नजरेत दिसतं. सुमारे १.६ किलोमीटर लांबी, ८५ दारं आणि ती दारं पेलणारे काँक्रीटचे उंच पिलर पार तेलंगणाच्या काठापर्यंत ओळीनं गेलेले. दारं वर उचललेली असल्यामुळे गोदावरी खालून मोकळी वाहत असते. या ओळीवरून नजर सावकाश फिरवली की आपल्याच काठाच्या बाजूला एका जागी वरच्या पुलाचा कठडा खाली दबलेला दिसतो. तो खचलेला भाग. महाराष्ट्राच्या काठापासून तो साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे, तेलंगणाच्या काठापासून बाराशे मीटरहून लांब. ही दोन अंतरं सुरुवातीलाच लिहून ठेवतो. हे पिलर पाडायचे की ठेवायचे याची चर्चा हैदराबादेत झाली, दिल्लीत झाली, तेलंगणाच्या विधानसभेत मध्यरात्र उलटेपर्यंत झाली. ज्या काठाच्या इतक्या जवळ ते खचले, त्या काठावर मला भेटलेल्या एकाही माणसाला कुणी काही विचारलेलं नव्हतं.

घटना घडली २१ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी. बतुकम्माचे दिवस होते. गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात हा फुलांचा सण पलीकडच्या तेलंगणाइतकाच मनापासून होतो, बायका फुलांच्या राशी रचून भोवती फेर धरतात आणि शेवटी त्या पाण्यात सोडतात. मोठा आवाज झाला, पुलावरची वाहतूक थांबवली गेली, दोन्ही बाजूंना पोलीस उभे राहिले. सातव्या ब्लॉकमधला २० क्रमांकाचा पिलर खाली बसला होता आणि त्यानं शेजाऱ्यांनाही आपल्याबरोबर ओढलं होतं. बॅरेजचं उद्घाटन होऊन तेव्हा जेमतेम सव्वाचार वर्षं झाली होती.

राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या पथकानं जे कारण सांगितलं ते इथल्या कुठल्याही मासेमार ढीवराला समजावून सांगावं लागत नाही. गोदावरीच्या या पट्ट्यात तळाशी वाळू आहे, खोलवर वाळू. अशा नदीत बॅरेज बांधायचं तर वाळूवर काँक्रीटचा जाड तळ घालतात, त्यावर पिलर उभारतात आणि तळाच्या पुढच्या-मागच्या कडेला जमिनीत खोल भिंत घालतात. एका बाजूला पाणी अडवलं की ते खालून वाट शोधू लागतं, त्याची वाट लांबवायचं काम ही भिंत करते. भिंतीत फट राहिली तर पाणी फटीतून येतं, येताना वाळूचे कण घेऊन जातं. तळाखाली पोकळी होते, वाढत जाते आणि एक दिवस वरचं काँक्रीट खाली बसतं. त्यात या बॅरेजमध्ये पाणी महिनोन्महिने भरून ठेवलं जात होतं आणि २०१९ नंतर त्याची नीट देखभाल झाली नाही, असंही पथकानं नोंदवलं. पाण्याचा दाब रात्रंदिवस होता, वाळू रात्रंदिवस सरकत होती.

सिरोंचाला मी आलापल्लीमार्गे गेलो, दिवाळी उलटल्यावर. रेपनपल्ली, जिमलगट्टा, बामणी अशी गावं मागे पडत जातात, दोन्ही बाजूंना सागवान आणि मधे मधे कापसाची, मिरचीची वावरं. रस्त्याबद्दल गडचिरोलीच्या माणसाला काही सांगायला नको. सिरोंचाच्या अलीकडे वडधम लागतं. या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातल्या खडकांत डायनासोरची हाडं सापडली. कोटा नावाचं गाव सिरोंचाजवळच आहे, आणि त्याच्या नावानं एक अख्खी खडकरचना जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत नोंदली गेली आहे. याच खोऱ्यात सापडलेल्या एका महाकाय शाकाहारी प्राण्याला शास्त्रज्ञांनी बारापासॉरस टागोराय असं नाव दिलं, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या निमित्तानं. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. वडधमला आता जीवाश्म उद्यान आहे, ते पाहून आनंद झाला. इथली वस्तू इथेच, इथल्या पोरांना हात लावता येईल इतक्या जवळ असावी, असं मला फार वाटतं.

सिरोंचात उतरलं की पहिल्या तासातच कळतं की आपण महाराष्ट्राच्या टोकावर नाही, दोन-तीन प्रदेशांच्या मधोमध आहोत. दुकानांच्या पाट्या मराठीत आणि तेलुगूत. हॉटेलात इडली आणि मिरची भजी एकाच कढईशेजारी. माणसं ‘अन्ना’ म्हणून हाक मारतात आणि पुढचं वाक्य मराठीत बोलतात. गावाला प्राणहिता लागून आहे, थोडं खाली तिची गोदावरीशी गाठ पडते आणि पलीकडे कालेश्वर-मुक्तेश्वराचं देऊळ, जिथे एकाच पीठावर दोन लिंगं आहेत. पुष्कराच्या वर्षी हे घाट माणसांनी भरून जातात. २०२२ च्या एप्रिलमधलं प्राणहिता पुष्कर लोकांच्या बोलण्यात अजून ताजं आहे. पूर्वी पलीकडे जायला नाव हाच मार्ग होता. आता दोन्ही नद्यांवर पूल आहेत आणि वरंगलच्या बाजारात मिरची नेणारी गाडी थेट निघते.

प्राणहितेच्या काठावर इंग्रजांच्या काळातलं विश्रामगृह आहे. त्याच्या आवारातून नदीचं पात्र पाहताना मला १८६० साल आठवत होतं. त्या वर्षी निजामाकडून मिळालेल्या गोदावरीकाठच्या तालुक्यांचा इंग्रजांनी ‘अपर गोदावरी’ नावाचा जिल्हा केला आणि त्याचं मुख्य ठाणं सिरोंचा. आज जिल्ह्याच्या गावी जायला जिथल्या माणसांचा पुरा दिवस मोडतो, ते गाव एके काळी स्वतः जिल्ह्याचं गाव होतं. कॅप्टन ग्लासफर्ड इथे डेप्युटी कमिशनर होता. ग्लासफर्डपेठा नावाचं खेडं तालुक्यात अजून आहे.

या आडबाजूच्या गावात इंग्रजांना एवढा रस कशासाठी? कापसासाठी. हिंगणघाटचा आणि वऱ्हाडचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा पाण्यानं खाली नेऊन काकिनाड्याच्या किनाऱ्यावर जहाजात चढवायचा, हे अभियंता आर्थर कॉटनचं स्वप्न. अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि या स्वप्नाला एकदम भाव आला. मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल त्याच्या बाजूचा होता. नदीत तीन ठिकाणी खडकांचे लांब अडथळे होते. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला आणि तिसरा वर प्राणहितेवर देवलमरीला, म्हणजे आजच्या अहेरी तालुक्यात. अडथळ्यांना वळसा घालणारे कालवे, बंधारे, नावा चढवण्या-उतरवण्यासाठी पाण्याची दारं असं काम सुरू झालं. दुम्मागुडेमचं बरंच पुढे गेलं. तोवर १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. कापूस मुंबईकडे वळला. १८७१ मध्ये सरकारनं काम सोडून देण्याचा हुकूम काढला आणि १८७४ मध्ये जिल्हाच मोडला, सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडलं गेलं. काम सुरू करायचा निर्णय बाहेर झाला, सोडायचाही बाहेरच.

पुढचं शतक नदीला तसं शांत गेलं. मग गोदावरी पाणीतंटा लवादाचा निवाडा १९८० मध्ये आला आणि इंचमपल्लीला प्रचंड धरण बांधण्याची योजना कागदावर पक्की होऊ लागली. इंद्रावतीवर भोपालपट्टणमलाही एक. दोन्ही झाली असती तर या भागातलं जंगल आणि माडिया-गोंडांची कितीतरी गावं पाण्याखाली जाणार होती. बाबा आमटे तेव्हा उभे राहिले. ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ म्हणत १९८४ मध्ये हेमलकसाला आदिवासींचा मोठा मेळावा झाला, आदिवासींचे नेते लालश्याम शाह त्यात होते, पाठीच्या दुखण्यासकट बाबा होते. धरणं झाली नाहीत. मला या भागाच्या इतिहासातलं हे पान फार मोलाचं वाटतं, कारण नदीवरच्या कामाबद्दलचा निर्णय नदीकाठच्या माणसांनी फिरवल्याचं इथलं असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

मेडिगड्डाची गोष्ट याच्या उलटी आहे. तेलंगणाला आधी पाणी घ्यायचं होतं ते वर, वर्धा-वैनगंगेच्या संगमाखाली तुम्मिडीहट्टीला, १५२ मीटर पातळीवर. महाराष्ट्रानं बुडिताच्या कारणानं १४८ च्या वर नकार दिला. मग तेलंगणानं जागाच बदलली आणि खाली मेडिगड्डा निवडलं. २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत दोन्ही राज्यांचा करार झाला. मेडिगड्डाची पूर्ण जलपातळी १०० मीटर ठरली. २१ जून २०१९ ला उद्घाटन झालं तेव्हा आपले मुख्यमंत्रीही हजर होते. वरच्या गावांचं बुडित टळलं, हे खरं. ते खाली सिरोंचाच्या वाट्याला आलं, हेही खरं. बॅरेजला आता सरकारी नाव लक्ष्मी बॅरेज आहे, पण इकडे कुणी तसं म्हणत नाही. मेडिगड्डा म्हणतात, नाही तर नुसतं बॅरेज.

आरडा, मुगापूर, नगरम, पेंटीपाका या बाजूला फिरलं की बॅकवॉटर हा शब्द अडाणी म्हाताऱ्याच्याही तोंडी ऐकू येतो. बॅरेज भरलेलं असायचं तेव्हा पाणी मागे सरकून वावरात यायचं. ते पुरासारखं येऊन जात नसे, यायचं आणि बसायचं. कापूस उभ्या जागी कुजायचा, मिरचीची मुळं सडायची. काही जमिनी सुरुवातीला थेट खरेदी झाल्या. १२ गावांतल्या उरलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांना सिरोंचात साखळी उपोषणाला बसावं लागलं, २०२२ च्या हिवाळ्यात. त्याच वर्षीच्या जुलैत महापूर येऊन गेला होता. पलीकडे कन्नेपल्लीचं पंपगृह पाण्याखाली गेलं, त्याच्या बातम्या देशभर झाल्या. इकडे सिरोंचा तालुक्यातली गावं रिकामी करावी लागली, लोकांनी उंचवट्यावर ताडपत्रीखाली दिवस काढले. बॅरेजच्या खालच्या अंगाच्या गावांत तक्रार वेगळी आहे. तिथे दारांतून सुटलेलं पाणी काठ खरवडून नेतं. एका आजीनं मला काठावर नेऊन समोरच्या पाण्याकडे हात केला. “तिथवर आमचं वावर होतं, सर. सातबाऱ्यावर अजून आहे.”

मग हे खचलेले पिलर पाडावेत का? मी ज्याला त्याला विचारत गेलो आणि एकच एक उत्तर मिळालं नाही. अंकिसा-असरअल्लीकडची बरीच माणसं म्हणाली, पाडू नका. बॅरेजवरच्या पुलानं भूपालपल्लीकडे जाणं सोपं झालं होतं, बाजार आणि दवाखाना जवळ आला होता. “पाणी नका अडवू, पण पूल तरी ठेवा,” असं एका रिक्षावाल्यानं कळकळीनं सांगितलं. शेती गेलेली माणसं म्हणत होती, काढून टाका, आणि दारं पुन्हा कधी खाली टाकू नका. ज्यांचा मोबदला अडकलाय त्यांची भीती आणखी वेगळी. बॅरेज मोडीत निघालं तर भूसंपादनाची फाइलही मोडीत निघेल, मग बुडालेल्या वर्षांचं काय?

पलीकडे वाद पक्षांचा आहे. ज्यांच्या सत्तेत बॅरेज झालं ते म्हणतात, ८५ मधले दोन-तीन पिलर खचले म्हणून एवढ्या मोठ्या योजनेला बोल लावू नका, दुरुस्त करा. ज्यांच्या हातात आता सत्ता आहे ते म्हणतात, पायाच चुकला. न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांच्या आयोगाचा अहवाल जुलै २०२५ मध्ये आला, प्रकरण सीबीआयकडे देण्याचं ठरलं. धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीनं त्याआधी एप्रिलमध्ये सांगितलं होतं की सातवा ब्लॉक आहे त्या स्थितीत वापरता येणार नाही. शेजारच्या ब्लॉकना धक्का न लावता तो काढून टाकावा, नाही तर आहे तिथेच स्थिर करावा. दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या.

पाडायचं की ठेवायचं, हा प्रश्न दुसरीकडेही पडला होता. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या समुद्रात वेस्ट पिअर नावाचा एक लोखंडी धक्का होता. लोकांनी समुद्रावर फिरायला जावं, गाणं ऐकावं एवढ्यासाठी बांधलेला. तो खुला झाला १८६६ मध्ये, म्हणजे गोदावरीत कॉटनच्या स्वप्नाचं काम चालू होतं त्याच काळात. १९७५ मध्ये धोकादायक म्हणून तो बंद झाला. पाडायचं घाटत होतं तेव्हा गावातल्या माणसांनी चळवळ केली, विश्वस्त संस्था काढली आणि १९८३ मध्ये अवघ्या शंभर पौंडांना तो ताब्यात घेतला. पुढे वादळांनी आणि २००३ च्या आगींनी त्याचा सांगाडा उरला, तो अजून समुद्रात उभा आहे. ठेवावा की काढावा यावर तिथे भांडणं झाली, पण भांडायला जागा गावाला होती. कुणाच्या उपजीविकेवर त्या धक्क्यानं पाणी आणलं नव्हतं, तरी गावाचा शब्द ऐकला गेला. आरड्याच्या शेतकऱ्याचं तर सगळंच या पिलरांवर अवलंबून आहे.

माझं मत मी या काठावर उभा राहून बनवलं आणि ते स्पष्ट सांगतो. सातवा ब्लॉक काढून टाकावा. तळाखाली पोकळी झालेलं बांधकाम गोदावरीच्या पुरात उभं ठेवणं म्हणजे दरवर्षी जुलैत नव्यानं धोका पत्करणं. आणि पात्रात काही अडलं, दारं फसली, पिलर कलले, तर प्रवाह वळणार तो जवळच्या काठाकडे, आणि जवळचा काठ आपला आहे. पण त्याआधी काही गोष्टी झाल्याच पाहिजेत. डाव्या काठाची धूप थांबवणारं दगडी पिचिंग आधी, तोडकाम नंतर. राडारोडा पात्रातच ढकलून देता कामा नये. काम उन्हाळ्याच्या कमी पाण्यात पुरं व्हावं, अर्धं राहिलं तर पावसाळा त्याचं काय करील ते इथल्या कुठल्याही माणसाला विचारा. गेलेल्या पुलाऐवजी ये-जा कशी होणार ते लेखी ठरावं. आणि जनसुनावणी सिरोंचात व्हावी, तेलुगूत आणि मराठीत. महाराष्ट्र करारावर सही करणारा पक्ष आहे. आपल्या साडेतीनशे मीटरवर काय तोडलं जाणार, केव्हा आणि कसं, हे विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. हा हक्क मुंबईनं जोरानं बजावावा असं मला फार तळमळीनं वाटतं.

इंग्रज अभियंत्यांना या नदीनं खडकानं अडवलं होतं, आत्ताच्यांना वाळूनं. दोघांकडे उत्तम अवजारं होती, मोजमापं होती. इंचमपल्लीचा खडक कुठे आहे आणि मेडिगड्डाखालची वाळू पावसाळ्यात किती हलते, हे ढीवर आधीपासून जाणत होते. आरड्यात एका गोठ्याच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा केलेल्या पाहिल्या, प्रत्येक खुणेशेजारी वर्ष, १९८६ पासूनची. २०२२ ची सगळ्यात वर. जलशास्त्राच्या कुठल्याही अहवालाला ही भिंत जोडायला हरकत नाही.

गोठ्याचे मालक साठीतले होते, बोलणं तेलुगू वळणाचं पण मराठी चोख. मी तुम्मिडीहट्टीचा विषय काढला. तेलंगणा सरकार आता पुन्हा तिकडे वळतंय, १४८ की १५० की १५२ यावर दोन राज्यांत बोलणी व्हायची आहेत, असं मी सांगितलं. त्यांना ते ठाऊक होतं. त्या बाजूला त्यांची सोयरीक होती. ते म्हणाले, “तिकडच्या लोकांना एवढंच सांगा सर, मीटर किती ते सरकार ठरवंल. तुम्ही पाणी यायच्या आधी मोजणी करून घ्या, नकाशा हातात ठेवा. एकदा पाणी बसलं की बांध दिसत नाही. मग तलाठी येतो, काठावर उभा राहतो आन्‌ आम्हालाच विचारतो, तुमची हद्द कुठवर?”